ओवाळणीच्या तबकातला शाळिग्राम

अप्पा, तुमचा तो डबीचा शाळिग्राम काल माझ्या घरी आला. कसा आला ते सांगते, पण आधी हे सांगते की मला आनंद झालेला नाही. घरात सगळ्यांना वाटतं आहे की झाला असेल. सून सकाळपासून माझ्या तोंडाकडे बघते आहे, सासूबाई हसतात की रडतात म्हणून. मी दोन्ही केलं नाही. दुपारची सगळी निजल्यावर दौत आणि बोरू घेऊन माजघरात बसले आहे. बाहेर तांबटांची ठोकाठोक चालली आहे, दिवाळीतसुद्धा त्यांचे हात थांबत नाहीत. अक्षर तुम्हीच धुळपाटीवर गिरवून घेतलेलं, तेव्हा ते वाकडं आलं तर दोष तुमचा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही. जिवंतपणी कुणाची छाती होती?

तुम्ही सरकारी फडावरची लिखापढी आटपून घरी यायचात, पागोटं खुंटीला लावायचात, हातपाय धुवायचात, आणि दुसऱ्यांचे बाप सोंगट्या मांडून बसतात तसे तुम्ही दगड मांडून बसायचात. दगड म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही, म्हणून मुद्दाम म्हणते. पूजेला लागतात तेवढे देवघरात होतेच, पण तुमचा नाद पूजेपुरता कुठे होता? काशीहून, पार गंडकीकडून परतणारे यात्रेकरू आणि बैरागी नगरच्या वाटेने येऊन वाघोलीला उतरत. पुण्यातल्या दुसऱ्या कुणी त्यांच्या झोळ्या उघडायच्या आत आपण उघडाव्यात म्हणून तुम्ही पहाटेच चालत सुटायचात. शाळिग्रामाचं मोल करायचं नसतं, म्हणून बदल्यात द्यायला धोतरजोडी न्यायचात. आई म्हणायची, या घरात धोतरं धुवून फाटत नाहीत, वाघोलीला जाऊन संपतात. संध्याकाळी परत आलात की पाय धुळीने पांढरे आणि चेहरा असा, की घरात मुलगा झाला आहे. मुलगा तर नव्हता. मी एकटी होते.

मी देवघराच्या उंबरठ्यावर बसलेली असे. आत यायचं नाही, बायकांनी शाळिग्रामाला शिवायचं नाही, हे मला बोलता येऊ लागलं तेव्हापासून पाठ होतं. पण बघायला बंदी कोणत्याच शास्त्रात नव्हती. तुम्ही नवा दगड उचलता, गवाक्षातून येणाऱ्या उन्हात धरता आणि हळूहळू फिरवता. मुख कुठे आहे, तुम्ही विचारता. मी सांगते. आत चक्रं किती? एक आहे, दुसरं अर्धं आहे. खरा की कोरलेला? मी म्हणते, जरा अलीकडे फिरवा. आणि तुम्ही फिरवता, अप्पा. फडावरचे लोक ज्यांच्यापुढे मान वर करत नाहीत ते तुम्ही, माझ्या शब्दासरशी दगड अलीकडे फिरवता. त्या वेळी मला वाटायचं की मी आत बसले काय आणि बाहेर बसले काय, सारखंच. हाताला काय लागतं ते तुम्ही सांगायचात, डोळ्यांना काय दिसतं ते मी. डबीवर आपल्या दोघांचाही जीव. दोन शकलं एकमेकांवर अशी बसतात की सांधा दिसत नाही. वरून नुसता काळा गुळगुळीत दगड, आणि वरचं शकल उचललं की आत चकलीसारखी गुंडाळी, तिच्यावर बारीक आडव्या रेघा, आणि रेघांमध्ये कुठेकुठे पिवळी चमक. तुम्ही ती उघडलीत की मी श्वास धरून ठेवायची. चंदन मी उगाळायची, तुळस मी निवडायची, हार मी करायची. माझं लग्न झालं तरी सासर त्याच कसब्यात, दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे तुमचा उंबरठा माझा सुटला नव्हता.

मग तुम्ही दत्तक घेतलात. भाऊबंदांतला, वाईकडचा, नाक गळणारा, रात्री आईसाठी रडणारा. मांडीवर घेऊन त्याचं मस्तक हुंगलंत तेव्हा मला काही वाटलं नाही. वंश चालायला हवा हे मलाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं. मी परडी घेऊन उंबरठ्याशी आले तर तो आत, तुमच्या शेजारी, पाटावर. कालपर्यंत ज्याला आपलं गोत्र सांगता येत नव्हतं तो! तुम्ही डबी ताम्हनातून उचललीत, पुसलीत आणि त्याला म्हणालात, "हात पुढे कर." त्याने तळहात उताणा धरला. तुम्ही त्याच्या हाताखाली आपला डावा हात लावलात, उजव्याने डबी वर ठेवलीत आणि म्हणालात, "हं, घे." जड होती बहुतेक, कारण त्याचा हात खाली गेला आणि तुमचा हातही त्याच्याबरोबर खाली गेला. एवढंच झालं. परडी तिथेच टेकवून मी स्वयंपाकघरात गेले. आईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "पोटात दुखत असेल तर ओवा खा." ओव्याने जाण्यासारखं ते दुखणं नव्हतं. मला त्या पोराचा हेवा वाटला, असा की तळपायाची आग मस्तकाला गेली. दागिन्यांचा, सुनेला मिळणाऱ्या खोलीचा, कशाचाही मला कधी हेवा वाटला नाही. तेवढ्या एका "हं, घे"चा वाटला.

ते शंखाचं तुम्हाला आठवतं का? तुम्ही विसरला असाल, रागावणाऱ्याला आठवत नाही. मामाने कोकणातून नारळ नि आमसुलं पाठवली होती, आणि करंडीच्या तळाशी समुद्रावरचे शंखशिंपले. पोरीला खेळायला म्हणून. मी काय तेव्हा खेळायच्या वयाची होते? पण त्यांत एक चपटा शंख होता, ताटलीसारखा, वर गुंडाळी. तो बघितला आणि माझ्या अंगावर काटा आला. मधोमध रेघा इतक्या बारीक की दिसू नयेत, आणि बाहेर येता येता रुंद होत गेलेल्या. आतल्या जिवाने लहानपणी लहान घर बांधलं, वाढला तसं घर वाढवत नेलं. डबीत हेच होतं! हुबेहूब हेच, फक्त दगडाचं. नीट बघावं म्हणून मी शंखाची एक बाजू घासायला घेतली, आणि घरात गुळगुळीत, पाणी धरणारा दगड एकच, तुमची चंदनाची सहाण. तुम्ही नेमके तेव्हाच आलात. मी सांगायला तोंड उघडलं, अप्पा हे बघा, डबीच्या आत कुणीतरी राहत होतं, समुद्रातलं. तुम्ही शंखाकडे बघितलंत, सहाणेकडे बघितलंत, आणि इतक्या हळू आवाजात बोललात की ओरडला असतात तर बरं झालं असतं. "देवाच्या सहाणेवर गोगलगाय घासलीस. आणि वर देवाला गोगलगाय म्हणतेस." शंख अंगणात भिरकावलात. सहाण मी चिंच लावून घासली, राखेने घासली, तरी त्यानंतर चंदन उगाळायचं काम माझ्याकडे आलं नाही. ते तुमच्या चिरंजिवांकडे गेलं. त्याला धड उगाळता येत नव्हतं, पाणी जास्त घालायचा, देवांच्या कपाळावरून चंदन ओघळायचं. तुम्ही ते बोटाने पुसून घ्यायचात आणि त्याला एक शब्द बोलायचा नाहीत.

संध्याकाळी आईने तो शंख तुळशीमागून शोधून आणला. एका कडेचा टवका उडाला होता. फुंकर मारून तिने तो माझ्या ओंजळीत टाकला, "हा घे तुझा देव," म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. आईला तुमच्या दगडांतलं काही कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं. पण वाकून, दिवा घेऊन, तिने तो शोधला होता. तो अजून माझ्या फडताळात आहे.

रेघांचं ते मी तुमच्या चिरंजिवांना सांगितलं. का सांगितलं? तुम्ही ऐकून घेतलं नाहीत, कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. शिवाय त्याला दाखवायचं होतं की तू हात लावतोस आणि तुला दिसत नाही, मी हात लावत नाही आणि मला दिसतं. कोरणारा माणूस आतल्या नि बाहेरच्या रेघा सारख्या कोरतो, त्याच्या छिन्नीची रुंदी एकच असते. खऱ्यात त्या आत बारीक असणारच. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. ऐकणं त्याला चांगलं जमायचं, तेवढं मान्य करते.

आणि मग ओसरीवरची ती संध्याकाळ. मी आईच्या मदतीला माहेरी आले होते. तुमची नेहमीची मंडळी जमली होती, वैद्यबुवा, शेजारचे जोशी, आणि वैद्यबुवांनी कुण्या बैराग्याकडून मिळवलेला नवा शाळिग्राम पानसुपारीच्या तबकाशेजारी ठेवलेला. वैद्यबुवांचा तोरा काय वर्णावा! एरवी तुमचा संग्रह बघताना तोंड वाकडं करणारा माणूस त्या दिवशी गालातल्या गालात हसत होता. सगळे वाहवा करत होते. तुम्हीसुद्धा, पण तुमच्या आवाजातला जळफळाट मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. तेवढा तुमचा स्वभाव माझ्यात उतरला आहे. मी पोह्यांसाठी फोडणी घातली होती. तेवढ्यात तुमच्या चिरंजिवांचा आवाज आला. "हा कोरलेला आहे. रेघा आतबाहेर सारख्या आहेत. खऱ्यात आत बारीक असतात." शब्दन् शब्द माझा. वैद्यबुवा भडकले, कालचं पोर म्हणाले. तुम्ही आतून राख मागवलीत. मीच दारातून वाटी पुढे सरकवली, तुमच्याकडे बघत. ओल्या फडक्याने घासल्यावर तेलकाजळ निघालं आणि खाली आपल्या डोंगरातला फत्तर. तुम्ही पोराच्या पाठीवर हात ठेवलात आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणालात, "याला म्हणतात नजर. माझ्यामागे हे घर आंधळं राहणार नाही."

फोडणी करपली. मी तसेच पोहे वाढले. वैद्यबुवा अपमानामुळे काही बोलले नाहीत, जोशी भिडेमुळे बोलले नाहीत. तुम्ही एक घास घेतलात आणि म्हणालात, पोहे करपले आहेत. त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोललेलं तेवढंच.

नंतर कसब्यात, शनवारात, कुठेही कुणाच्या घरी शाळिग्राम आला की तुमच्या चिरंजिवांना बोलावणं जायचं. त्याच्या नजरेची कीर्ती झाली. आमच्या घरीसुद्धा सासरे म्हणायचे, तुझा भाऊ मोठा पारखी आहे हो. मी म्हणायची, हो, आहे ना. तुमच्या शेवटच्या दिवसांत तीर्थ त्यानेच तुमच्या तोंडात घातलं, डबीवरचं. मी तुमचं डोकं मांडीवर धरलं होतं. पाणी ओघळलं ते मी पदराने टिपलं. त्या वेळीसुद्धा माझं लक्ष तुमच्या तोंडाकडे होतं तितकंच त्याच्या हाताकडे होतं. हे लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

आता कालचं. चिरंजीव म्हातारे झाले आहेत, दोन्ही मिशा पांढऱ्या. बायकोला घेऊन काशीला निघाले आहेत, परत न येण्याच्या बोलीने. परवा पहाटे वाघोलीहून यात्रेकरूंची सोबत निघते. जाण्याआधी भाऊबीज माझ्याकडे करायची म्हणून आले. अनारसे तुपात हसून फुटले होते, तरी दोन खाल्ले आणि बरे झाले आहेत म्हणाले. असं खोटं बोलणारे काशीत काय करणार आहेत कोण जाणे. मी ओवाळलं. निरांजन खाली ठेवून तबक पुढे केलं. त्याने उपरण्यातून काहीतरी काढलं आणि अक्षतांवर ठेवलं. डबी. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, ओवाळणी.

मी म्हटलं, बायकांनी शिवायचं नसतं, विसरलास वाटतं. तो म्हणाला, "विसरलो नाही, अक्का. म्हणून तर तबकात ठेवली. शिवायचं की नाही ते तू बघ." मग सांगत बसला. मुलाला या विषयातलं ओ की ठो कळत नाही, पूजेचे त्याला पुरेत. बाकीचे मठात दिले. ही एकच उरली. तुला नको असेल तर उद्या संध्याकाळच्या आत माणसाबरोबर परत पाठव, बरोबर नेऊन गंगेत सोडीन. असं अगदी थंडपणे. गंगेत! मला वाटलं त्याचे कान उपटावेत. पण त्याचं संपलं नव्हतं. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून तो म्हणाला, "त्या वैद्यबुवांच्या दगडाचं. आदल्याच दिवशी तो अप्पांनी त्यांच्याकडे बघितला होता. घरी येऊन मला म्हणाले, काहीतरी चुकतं आहे, पण काय ते कळत नाही. मी रेघांचं सांगितलं. अक्काने सांगितलं आहे, असंही सांगितलं."

मी विचारलं, मग?

"मग त्यांनी समईची वात पुढे सारली. आणि म्हणाले, उद्या मंडळींत तू सांग."

अप्पा, इतकी वर्षं मी त्याचा हेवा केला. तो चोर आहे असं समजून केला, आणि त्यात एक सुख होतं. माझं त्याने घेतलं, तुम्हाला बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. आता ते सुखही गेलं. तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही माझी नजर उचललीत आणि त्याच्या तळहातावर ठेवलीत, खालून आपला डावा हात लावून. चारचौघांत मुलीचं नाव घेऊन काय सांगणार होतात, तेही मला कळतं. वैद्यबुवा हसले असते. कळतं हो, सगळं कळतं, कळून उपयोग काय? मंडळी गेल्यावर स्वयंपाकघरात येऊन एक शब्द बोलला असतात. तिथे कोण होतं? मी आणि आई. तिथेही तुम्ही पोह्यांवरच बोललात.

आणि तुमचे चिरंजीव त्याच्याही पुढचे. निघताना उंबरठ्यावर उभे राहून म्हणतात, मला तुझा हेवा वाटायचा, अक्का. तुझ्याशी ते बोलायचे, तुला विचारायचे, मला नुसतं हातात द्यायचे. घ्या! दगड त्याचे, घर त्याचं, कीर्ती त्याची, अखेरचं तीर्थ घालायचा मान त्याचा, आणि आता हेवाही त्यालाच हवा. तेवढा तरी माझ्याकडे राहू दे म्हणावं. मी त्याला तसं म्हटलं नाही. तो म्हातारा झाला आहे आणि पुन्हा दिसणार नाही. मी त्याच्या हातावर दही घातलं आणि सांभाळून जा म्हटलं. गल्लीच्या वळणापर्यंत तो जाताना बघितला. पाय ओढत चालतो आता.

तबक माझ्यापुढे आहे. काल ठेवलं तसंच, अक्षता, सुपारी, विझलेलं निरांजन, मधे डबी. इकडच्या स्वारीने सकाळी एवढंच विचारलं, ठेवणार का? मी म्हटलं, बघते. आईने शोधलेला तो शंख फडताळातून काढून मी तबकाच्या कडेला ठेवला आहे. गंमत बघा, मी आयुष्यभर म्हणत आले की दोन्ही हुबेहूब एक, पण दोन्ही शेजारी ठेवून मी कधी बघितलंच नाही. शंख आला तेव्हा डबी देवघरात होती, आणि पुन्हा डबी उघडली गेली तेव्हा शंख माझ्या फडताळात होता. मी सगळं आठवणीतून म्हणत होते. आता दोन्ही समोर आहेत, पण डबी मिटलेली. आतली गुंडाळी बघायची तर वरचं शकल उचलायला हवं, आणि त्याला हात लावायला हवा. माझं चुकलंही असेल. देवाचं मला एवढं भय नाही, पण चुकलेलं निघालं तर मी इतकी वर्षं कशावर जळले, असा प्रश्न येईल.

परत पाठवणार नाही, एवढं ठरलं. ती गंगेत बुडवायला मी काही वेडी नाही. पण घेतलेलीही नाही अजून. हे पत्र कुणाकडे द्यायचं तेही कळत नाही, तुम्ही आहात तिथे जासूद जात नाहीत. संध्याकाळी चूल पेटवताना तिच्यात घालीन. सून उठल्याची चाहूल लागते आहे, पुरं करते.

एकच सांगायचं राहिलं. मघाशी सगळी निजली आहेत असं बघून मी उजवा हात पुढे केला, तबकाशी, तळहात उताणा, त्या पोराने धरला होता तसा. कुणी बघत नव्हतं. हाताला रग लागेपर्यंत धरून ठेवला होता, अप्पा. तुम्ही "हं, घे" म्हणाल म्हणून.